कोणी हात केला तर

जव्हार,
रविवार, १५ मार्च २०२६

चि. हेमंत,

ताईचा आशीर्वाद. इकडे आम्ही सगळे बरे आहोत. तू बरा आहेस ना, असं विचारणं आता वेडेपणाचं आहे, पण पत्र दुसरं कसं सुरू करतात ते मला येत नाही. जामसरच्या शाळेत चौथीच्या पोरांना दरवर्षी पत्रलेखन शिकवते, त्यामुळे हात आपोआप तिकडेच वळतो. जेवण अंगाला लागतंय का? थंडी ओसरली का?

तुझं जानेवारीतलं पत्र परवा मिळालं. पाकीट फोडून पुन्हा चिकटवलेलं होतं. तुझ्या त्या क्रोएशियाच्या तुरुंगात मराठी वाचणारा कोण बसलाय देव जाणे, पण जो कोणी असेल त्याला माझा नमस्कार सांग आणि म्हणावं, जरा भराभर वाचत जा रे बाबा, इथे माणसं वाट बघून वाळून चालली. आई तुरुंग हा शब्द तोंडातून काढत नाही. 'तिकडं' म्हणते. तिकडं काय जेवत असंल, तिकडं होळी असती का. शाळेत कोणी विचारलं तर मीही हल्ली तसंच सांगते, भाऊ तिकडे हॉटेलात आहे म्हणून. तेवढ्यावर लोक गप्प बसतात. जे बसत नाहीत त्यांना सगळं आधीच ठाऊक असतं.

होळी झाली. पाड्यावर दरवर्षीसारखीच पेटली. आपल्या घरचं लाकूड बाबांनी स्वतः नेऊन टाकलं, पण ढोल सुरू झाल्यावर घरी निघून आले. मोहाची फुलं पडायला लागलीत. आईचे गुडघे धरलेत तरी पहाटे टोपली घेऊन जाते, मी रागावले तर म्हणते, घरात बसून तरी काय करू. नाचणी यंदा बरी झाली, भात बेताचंच. जीप आहे तशीच आहे. मागचं दार दोरीनं बांधलंय, सायलेन्सर गेलाय, सूर्यमाळच्या चढावर असली तरी खाली आवाज येतो.

कविताकडचं लिहू की नको असं करत होते. लिहितेच, तुला दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा बरं. तिचा बाप पोशेऱ्याहून आला होता, सोबत दोन माणसं. चहा घेतला, पावसापाण्याचं बोलले, आणि साखरपुड्याची साडी पिशवीतून काढून ओटीवर ठेवली. पोरीचं वय निघून चाललं म्हणाले. भांडायला आले असते तर मी सोडले नसते त्यांना, पण माणूस मान खाली घालून बोलत होता, त्याच्याशी काय भांडायचं? कविता आली नव्हती. तिनं मला नंतर फोन केला आणि नुसती रडली. वाट बघ असं मी तिला म्हणू शकले नाही. कुणाच्या भरवशावर म्हणायचं?

आता तुझ्या पत्राचं. दीड वर्ष होत आलं, पण त्या दिवशी नेमकं काय झालं ते तू पहिल्यांदाच सगळं लिहिलंस. फोनवर दहा मिनिटं मिळतात, त्यातली पाच आईच्या रडण्यात जातात. तुझी तिकडची वकीलबाई पाठवते ते कागद कोरडे असतात. हे पत्र मी तीनदा वाचलं आणि खोटं कशाला बोलू, एकदा हसलेसुद्धा.

गाडी भाड्यानं घ्यायचं खूळ मुळात बाबांचं. तीस वर्षं जव्हार-मोखाड्याच्या रस्त्यावर जीप हाकलेला माणूस. तू तिकडे गेल्यावर त्यांना तुझं हॉटेल, तुझा पगार, तो निळा समुद्र, कशाचं म्हणून काही नव्हतं. 'तिकडं स्टेरिंग डाव्या अंगाला असतं म्हंतात, एकदा चालवून सांग ना कसं वाटतं.' जायच्या आधी वसईच्या आरटीओतून परदेशात चालणारं लायसन काढायला लावलं तेही त्यांनीच. तिकडे जाऊन आठवा महिना होता, तुला दोन दिवसांची जोडून सुट्टी मिळाली आणि तू गेलास त्या भाड्याच्या गाड्यांच्या काउंटरवर. क्रेडिट कार्ड नाही म्हणून त्यांनी जास्तीचं डिपॉझिट घेतलं, आठ पानांच्या कागदावर सह्या घेतल्या आणि किल्ली दिली. तो माणूस गाडीभोवती फिरून एकेका ओरखड्याचा फोटो काढत होता, ते तू व्हिडिओवर दाखवलंस तेव्हा बाबा इतके हसले की आई चुलीपाशी होती ती बाहेर आली. आपल्या जीपचे ओरखडे मोजायला बसला तर म्हातारा होऊन मरंल, म्हणाले.

मग तू ऐटीत उजवीकडचं दार उघडून बसलास आणि समोर स्टेरिंगच नाही. ते आठवून मी परवा हसले. वळायचा दिवा लावायला गेलास तर कोरड्या काचेवर वायपर फिरायला लागले. बाबा इकडे ओटीवर बसून ओरडत होते, उजव्या अंगानं ऱ्हा, अरे उजव्या, आणि स्वतःच उजवीकडे झुकत होते. पहिला मोठा चौक आला तो गोल, त्यात बाहेर कुठून पडायचं ते न समजून तू चकरा मारत बसलास. शेवटी म्हणालास, बाबा, इथे फोन धरून चालवलं तर दंड करतात, ठेवतो. बाबा म्हणाले, ठेव, पन क्लच कसा हाय तेवढं सांग. तू म्हणालास, लोण्यासारखा. त्या दिवशी बाबा पाड्यावर घराघरात क्लच सांगत फिरले.

त्यानंतरचं तू आता लिहिलंस. समुद्राकाठचा रस्ता सोडून आत डोंगराकडे वळलास, कारण तो डोंगर आपल्याकडच्यासारखा वाटला. पलीकडे दुसऱ्या देशाची हद्द होती. गाडी हद्दीपलीकडे नेऊ नये असं कागदावर लिहिलेलं, आणि तू नेली नाहीस. एवढं शहाणपण होतं रे तुला. दुपार ढळलेली, वर पाऊस, आणि वळणावर तिघं उभी. एक म्हातारी, तिचा लंगडणारा मुलगा, आणि सून. म्हातारीनं हात केला.

'ताई, मी विचार करून थांबलो नाही, पाय ब्रेकवर गेलाच होता,' असं लिहिलंस. मला त्यात काही नवल वाटलं नाही. तू थांबला नसतास तर नवल वाटलं असतं. आपण दोघं त्या जीपमध्येच वाढलो. जागा नाही असं बाबा कधी कोणाला म्हणाले? आत मावेना तर टपावर, टपावर मावेना तर मागच्या फळीवर, आणि तिथेही मावेना तर मला नाहीतर तुला उतरवून मांडीवर घ्यायला लावायचे. वावर गावाकडून बायका आजारी पोरं घेऊन चालत यायच्या त्या दिवसांत बाबांनी जुनी जीप घेतली, आणि तेव्हापासून त्यांचा एकच कायदा. रस्त्यात हात केलेल्या माणसाला टाकून जायचं नाही. ज्याच्याकडे पैसे असतील तो देईल. नसतील तो नाचणीचं गाठोडं देईल, अंडी देईल, करवंदं देईल, नाहीतर नुसता उतरून जाईल. मागायचं नाही. आणि म्हाताऱ्या माणसानं गिअरपाशी काही ठेवलं तर ते परत द्यायचं नाही, कारण परत दिलं तर त्याची गरिबी त्याला दाखवल्यासारखं होतं. हे तुला मी कशाला सांगतेय? पण जे झालं ते यातूनच झालं.

म्हातारीनं आधी अक्रोड दिले. मग वीस युरोची नोट काढली. तू दोनदा नको म्हणालास. तिसऱ्यांदा तिनं ती गिअरजवळच्या खाचेत घातली आणि तुझ्या हातावर थोपटलं, आणि तू ती तिथेच राहू दिलीस. अर्ध्या तासानं पोलिसांनी अडवलं. तुला वाटलं, स्पीडचं काहीतरी असेल. खाली उतरून लायसन दाखवायला लागलास. त्या तिघांकडे कागद नाहीत, ती रानातून हद्द ओलांडून आलीत, हे तुला बेड्या घातल्यावर कळलं.

वकीलबाईनं तेव्हाच मला फोनवर समजावलं होतं. इथला कायदा असा आहे म्हणाली, की भूतदयेनं बसवलं असेल तर सुटेल, पैसे घेऊन बसवलं असेल तर गुन्हा. सगळा खटला त्या एका नोटेवर येऊन बसला. तिला इकडचं कोणीतरी हवं होतं, आमच्याकडची रीतच अशी आहे असं कोर्टाला सांगणारं. बापाहून चांगलं कोण सांगणार? मीच पुढे होऊन बाबांचं नाव दिलं.

जव्हारला वकिलाच्या खोलीत लॅपटॉप लावला होता. बाबांनी धुतलेला सदरा, डोक्याला टोपी. तिकडची दुभाषी हिंदी बोलणारी होती, आणि बाबांना भिवंडीला रेती काढायच्या कामावर शिकलेलं हिंदी येतं, त्यामुळे ते खूश. मी त्यांना आदल्या दिवशी बजावून सांगितलं होतं की काही लपवायचं नाही, विचारतील ते सगळं खरं सांगायचं. आपल्या वकीलबाईनं विचारलं ते सगळं त्यांनी इतकं छान सांगितलं रे. एकेका म्हातारीचं नाव घेऊन सांगितलं. इथला वकील डोळे पुसत होता. मग सरकारी वकिलाची पाळी आली. सोन्यासारखा माणूस वाटला, हळू आवाजात बोलणारा. तुमचा धंदा काय, त्यानं विचारलं. बाबा म्हणाले, लोकांना पोचवणं. पैसे मिळतात? मिळतात की, त्यावरच घर चाललं, पोरं शिकली. मुलगा या कामात होता? लहानपणापासून, मागच्या फळीवर उभा राहून तोच तर पैसे घ्यायचा. मग त्यानं शेवटचं विचारलं, माणसं बसवताना त्यांचे कागद बघता का? बाबा हसले. म्हणाले, 'कागज काहे का, साब? आदमी खडा है, बिठा लो.'

तू त्या कोर्टात बसून हे ऐकत होतास. आम्ही इकडे ऐकत होतो आणि मला वाटत होतं, जिंकलो. बाहेर पडून भजी खाल्ली, बाबांनी सगळ्यांना चहा पाजला. पुढचे चार महिने मोखाड्याच्या बाजारात ते ही साक्ष सांगत होते. साहेबाला कसं उत्तर दिलं, साहेब कसा गप्प झाला.

निकालात काय आलं ते तुला तोंडपाठ असेल. आरोपीचं घर पैसे घेऊन माणसं नेण्यावरच चालतं, आरोपी लहानपणापासून त्यात मुरलेला आहे, आणि माणसांचे कागद न बघणं ही त्यांच्या घरची पद्धतच आहे असं त्याच्या बापानं सांगितलं आहे. चार वर्षं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. अपिलाचं तर आता फेब्रुवारीत आलं, तुला माझ्याआधी कळलं असेल. निकाल कायम. वकीलबाई म्हणाली, यापुढे करण्यासारखं काही नाही. सॉरी म्हणाली. मी तिला थँक्यू म्हटलं.

तू सप्टेंबरात फोनवर म्हणालास, या पत्रात पुन्हा लिहिलंस, की बाबांना यातलं काही कळू देऊ नकोस, त्यांच्या बोलण्यामुळे झालं हे त्यांना कळलं तर ते जगायचे नाहीत. तुझं म्हणणं मी ऐकलं. निकाल वाचून दाखवताना तेवढं गाळलं. नोट सापडली म्हणून शिक्षा झाली असं सांगितलं. त्यांनी विचारलं, मंग माझ्या साक्षीचं काय झालं? मी म्हटलं, आठ वर्षं होणार होती बाबा, तुमच्या साक्षीमुळे चार झाली. खोटं इतकं चपखल निघालं की माझं मलाच नवल वाटलं. त्यांना बरं वाटलं. चार वर्षं मी वाचवली पोराची, असं ते आईला सांगत होते.

तर ते असं आहे. बाबांची काळजी करू नकोस. आज पुरे करते, वह्या तपासायच्या आहेत.

बुधवार, १८ मार्च

पत्र टाकलं नाही. रविवारी लिहिलेलं सगळं पुन्हा वाचलं. त्यात घडलेलं सगळं खरं आहे, पण शेवटची ओळ खोटी आहे. बाबांची काळजी करू नकोस असं मी लिहिलं तेव्हा मला सगळं माहीत होतं. वाटलं होतं पत्र तसंच टाकून देऊ, तुला तिथे बसून करता तर काही येत नाही, मग उगीच जिवाला घोर कशाला? पण काल जे झालं त्यानंतर लपवणं माझ्या हातात राहिलं नाही.

बाबांना कळलं आहे, हेमंत. माझ्याकडून नाही कळलं, तुझ्याकडून. तुझ्यावर राग नाही माझा, पण झालं ते असं. फेब्रुवारीतल्या फोनवर त्यांनी तुला विचारलं, माझ्या साक्षीचा उपेग झाला ना रे? तू खोकलास आणि मग म्हणालास, झाला बाबा. लहानपणापासून खोटं बोलायच्या आधी तू खोकतोस. आईला माहीत आहे, मला माहीत आहे, शाळेतल्या गुरुजींनाही माहीत होतं. बाबांनी फोन आईच्या हातात दिला आणि अंगणात जाऊन जीपचं बॉनेट उघडून उभे राहिले. बॉनेटमध्ये काहीही बिघडलेलं नव्हतं.

दोन दिवसांनी मी घरी गेले तेव्हा त्यांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, 'माझं बोलनंच त्याच्या गळ्यात घातलं ना त्यांनी?' मी 'नाही' म्हणू शकले असते. पण त्यांचं तोंड बघून मी म्हटलं, बाबा, मीच तुम्हाला सगळं सांगा म्हणाले होते. ते म्हणाले, तू मधी येऊ नको. त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही. जेवायचे, जीप घेऊन जायचे, यायचे. मला वाटलं, माणूस कणखर आहे, सोसेल. आपण मुलं आईबापांबद्दल हे असं धरूनच चालतो.

गेल्या शनिवारी मी त्यांच्याबरोबर घरून जव्हारला येत होते. मागे दोन बायका होत्या, त्या मध्येच उतरल्या. मी पुढे एकटी. पोशेऱ्याच्या पुढे चढ संपतो तिथे आपले ढवळूदादा उभे होते. शेजारी रखमीकाकी, पायाशी पोतं. ढवळूदादांनी हात केला. तसा हात ते तीस वर्षं करत आलेत, बघतसुद्धा नाहीत नीट, गाडी थांबणारच असं धरून पोतं उचलायला वाकतात. बाबांनी गिअर बदलला. मला वाटलं, पुढे सपाटीला थांबतील. सपाटी आली आणि गेली. मी मागे वळून बघितलं तर ढवळूदादा पोतं खांद्यावर घेऊन हसत उभे होते, त्यांना वाटलं बाबा मस्करी करतायत. पोतं खाली ठेवलं नव्हतं त्यांनी.

मी म्हटलं, बाबा, ढवळूदादा होते.

बाबा म्हणाले, 'पाह्यलं मी.'

जव्हारपर्यंत वाटेत आणखी कोणी कोणी उभे होते. कॉलेजच्या मुली होत्या, एक बाई तान्हं पोर घेऊन होती. जीप रिकामी गेली. मला दारात सोडलं आणि रिकामी जीप घेऊन परत गेले. आईनं फोनवर सांगितलं, रविवारपासून जीप अंगणात उभी आहे. डिझेल नाही म्हणतात. डिझेल आहे, आईनं बघितलं. बाजारात लोक बाबांबद्दल म्हणायला लागलेत की सुकऱ्याला माज आला, परदेशातल्या साहेबाला गप्प केलं ना. त्यांना काय सांगायचं?

आणि काल संध्याकाळी मी शाळेतून आले तर बाबा माझ्या खोलीच्या पायरीवर बसलेले. एसटीनं आले होते. आपले बाबा, एसटीनं, तिकीट काढून. पाणी दिलं, चहा दिला, चहा तसाच ठेवला. हेमंताला पत्र लिहितीस ना, म्हणाले, त्यात माझं लिही. मी वही घेतली. त्यांनी सांगितलं ते ऐकून मी वही मिटली. म्हटलं, बाबा, हे मी नाही लिहिणार. ते चिडले नाहीत. शांतपणे म्हणाले, 'माझी ती साक्ष लिहून घेयाला तिकडं चार मानसं बसली हुती. ही तू लिही.'

मी लिहिलं. त्यांनी ते माझ्याकडून दोनदा वाचवून घेतलं. आतासुद्धा ते पान समोर ठेवून उतरवते आहे, एक अक्षर बदललेलं नाही:

'हेमंता, तुझ्या बापानं तुला चुकीचं शिकवलं. सुटून आलास का गाडीच्या धंद्यात पडू नको. कदी चालवायची पाळी आलीच तं रस्त्यात कोनी हात केला तरी थांबू नको. म्हातारी असली तरी नको. आपल्यातला असला तरी नको. मी पन आता थांबत नाय. बापाचं एवढं ऐक.'

सही येत नाही म्हणून अंगठा द्यायला निघाले होते. मी म्हटलं, पत्राला अंगठा लागत नाही. मग शेवटच्या एसटीनं परत गेले.

त्यांच्या या निरोपाखाली मला माझं लिहायचं होतं. तू थांबलास ते बरोबर केलंस, पुन्हा वेळ आली तर पुन्हा थांब, बाबांचं मनावर घेऊ नकोस. कालपासून तेच लिहायला बसते आणि उठते. शनिवारी ढवळूदादांनी हात केला तेव्हा माझ्या शेजारची जागा मोकळी होती, आणि मीही बाबांना थांबवा म्हटलं नाही.

तुझी,
त्या जीपमध्ये बसून राहिलेली
योगिताताई